माथ्यापासून अंगणापर्यंतची तार

१७ फेब्रुवारी, सोमवार

रिनाला आज धडगावला बायकांच्या तपासणीच्या शिबिराला नेलं. आमच्या पाड्याची आशाताई रमिलाबाई महिनाभर मागे लागली होती, म्हणून. आत पुरुषांना सोडत नव्हते. मी दोन तास लिंबाखाली बसून राहिलो. रिना बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"कंबर. वजन उचलायचं नाही म्हणतात."

"अजिबात?"

"अजिबात."

रमिलाबाई तिच्या मागेच उभी होती. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण रिनाने तिच्याकडे पाहिलं आणि ती गप्प झाली.

वजन उचलायचं नाही, हे सांगायला काय जातं? पाणी मी आणीन. पण सरपणाचं काय? सिलिंडर आहे, तो भरून आणायला दिवस मोडतो आणि आणला तरी त्यावर आईच्या भाकरी होत नाहीत. पावसाळा लागला की नाला भरतो, डोंगर चिखल होतो, चार महिने कोणी लाकडाला जाऊ शकत नाही. तेवढं जळण जूनच्या आत घराशी रचून ठेवावं लागतं. आमची थप्पी आज माझ्या गुडघ्यापर्यंत आहे. आईला दिसत नाही नीट. पोरं आश्रमशाळेत. राहिली रिना.

मोळी मी का आणत नाही, असं कोणी शहरातलं विचारेल. घरासाठी ओंडका खांद्यावर मी किती वेळा आणलाय. पण डोक्यावर चुंबळ ठेवून सरपणाची मोळी आणणारा बाप्या या डोंगरात मी तरी पाहिलेला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नोव्हेंबरपासून घरी बसून आहे, हे कबूल केलं पाहिजे. ब्राह्मणपुरीला हेमकांत आबांच्या केळीत सात वर्षं काम केलं. घड उतरवायचे, तारेवर टांगायचे आणि ढकलत शेडपर्यंत न्यायचे. आबांनी केळी काढून टाकली, मी पण निघालो. पाड्यावर लोक विचारतात, आता काय करतोस? मी म्हणतो, बघतोय.

आज सकाळी अंगणात बसून बायका डोंगर उतरताना पाहत होतो. सगळ्यांच्या डोक्यावर मोळ्या. आमच्या बाजूचा डोंगर केव्हाच उघडा झालाय. वाळकी लाकडं माथ्याच्या पलीकडच्या दरीत मिळतात. पलीकडून माथ्यावर, माथ्यावरून खाली. ही शेवटची उतरण फार वाईट आहे, मुरूम निसटतो. आमच्या पाड्यावरची फुलीबाई गेल्या वर्षी तिथेच पडली होती.

आणि एकदम आबांच्या केळीतली तार आठवली. ती तिथे पडूनच असणार! माथ्यापासून आमच्या अंगणापर्यंत बांधली तर मोळी आपल्या पायांनी घरी येईल. कोणी उचलायला नको.

रिनाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आणि माथ्यापर्यंत?"

म्हटलं, ते किती! चढताना कोणी घसरत नाही, घसरतं ते उतरताना. ती पुढची भाकरी थापायला लागली. तिला एखाद्या गोष्टीचा आनंद दाखवायचा म्हणजे जिवावर येतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ब्राह्मणपुरीला जाऊन आलो. आबा ओट्यावरच होते.

"काय रे राजेंद्र? केळी गई ना आते. काम नही शे मन्हाकडे."

"काम नको आबा. ती तार द्या."

"तार? तुले काय करनं शे तारनं?"

सांगितलं. पोटभर हसले. मग म्हणाले, "लई जाय. आठे नुसती गंजी ऱ्हायनी. चाकंबी लई जाय." आबांचं हेच आवडतं. हसतात, पण देतात.

आबांच्या घरच्या धनुबाई चहा घेऊन आल्या. त्यांना मात्र हसू आलं नाही. "तुन्ही बाईले काय व्हयनं?"

"कंबर धरलीय."

"कितला पोरं शेतस तिले?"

"दोन. तिसरं झालं तसं गेलं, तीन वर्षांमागे."

"मग दवाखानामा लई जाय तिले, बेटा. बाई कंबर कंबर म्हनस ना, ती कंबर नही ऱ्हास."

मी हो हो म्हटलं. पण माझी रिना कशी काटक आहे हे त्यांना काय माहीत. ते तिसरं बाळ गेलं त्या साली केळीचं काम मध्ये दोन-तीन महिने बंद होतं, म्हणून बाराव्या दिवशी आम्ही ऊसतोडीला निघालो होतो. पंधराव्या दिवशी ही बाई उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रकवर चढवत होती. मुकादमसुद्धा बघत राहिला होता.

५ मार्च, बुधवार

तार इथपर्यंत आणायला मला आणि करणसिंगला तीन फेऱ्या पडल्या. जीप सडक संपते तिथे टाकून गेली, पुढे खांद्यावर. करणसिंग शेजारी आहे, हाताचा सुतार आहे आणि तोंडाचा फाटका आहे. "टॉवर उभा करतोस का? मग मोबाइलला रेंज तरी येऊ दे," असं सगळ्या पाड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणतो. पण काम सोडत नाही.

माथ्यावर साजाच्या झाडाच्या जाड बुंध्याला तार बांधली. झाडाला लागू नये म्हणून खाली पोतं गुंडाळलं. खालच्या टोकाला अंगणात दोन खांब पुरले. आज ताण दिला. अंगठ्याचं कातडं गेलं. पण चार महिन्यांनी आज मला भूक लागली, खरी भूक.

रिना पाणी घेऊन वर आली होती. हंडा नाही, फक्त बाटली. तरी तिला बसावं लागलं. कशी बसली, तर एका अंगावर कलंडून. मी म्हटलं, अशी काय बसतेस? म्हणाली, बसू दे.

९ मार्च, रविवार

पहिली मोळी सोडली!

ती जी सुटली ती खांबाला न थांबता थेट घराच्या कुडात घुसली. आत आई शेंगा सोलत होती. ती बाहेर आली आणि तिने मला, तारेला आणि हेमकांत आबांच्या सात पिढ्यांना जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. सगळा पाडा जमला. पोरं नाचली. करणसिंग जमिनीवर बसून हसला.

हसा म्हटलं. खांबापुढे जुने टायर बांधले, तारेला खालच्या टोकाला जरा झोळ दिला. दुसरी मोळी आली ती टायरवर येऊन गप्प उभी राहिली. मग कोणी हसलं नाही. करणसिंग जवळ जाऊन चाक हाताने फिरवत राहिला. "डोकं आहे रे तुला," म्हणाला.

मी रिनाकडे पाहिलं. ती पण हसत होती. खूप दिवसांनी. डोळ्यांत पाणी होतं. सात वर्षांत केळीच्या शेडमध्ये माझ्याकडे कोणी असं पाहिलं नव्हतं.

१४ मार्च, शुक्रवार

होळी झाली. रिना नाचली नाही. लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच. बायकांची रांग कमरेत हात घालून फिरत होती, तिला दोनदा ओढायला आल्या, ही गोधडी पांघरून आईपाशी बसून राहिली. मी म्हटलं, तार झाली, मोळी उतरवायची कटकट गेली, आता तरी जरा खुश राहा. म्हणाली, "खुश आहे."

मला राग आला. आता लिहिताना वाटतं, सणाला बोलायला नको होतं.

२२ मार्च, शनिवार

काम लायनीला लागलंय. मी माथ्यावर उभा राहतो, रिना पलीकडून मोळी आणते, मी आकडा अडकवून सोडतो, खाली आई काढून घेते. आई म्हणते, माझं आंधळीचं काम बरं आहे, आवाज आला की हात पुढे करायचा. थप्पी कमरेपर्यंत आली.

फक्त रिना फार हळू चालते. पलीकडच्या चढावर मध्ये एक मोहाचं झाड आहे. तिथे आली की मोळी टेकवते आणि झाडाआड जाऊन बसते. प्रत्येक फेरीला. आता मोहफुलं पडताहेत, वेचत असेल. मी वरून ओरडलो, "ए, बसतेस काय? ऊन चढतंय, चल!" ती उठली. आली. ओठ पांढरे पडले होते. म्हटलं, पाणी पीत जा. म्हणाली, पाणी प्यायलं की जावं लागतं सारखं.

३ एप्रिल, गुरुवार

घरात कसला तरी वास येतोय, तीन-चार दिवस. उंदीर मेला असणार. आज मी सगळं घर उपसलं. कणगी हलवली, भांडी बाहेर काढली, कुडाला टेकवलेली लाकडं काढली. मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दोरीवर रिनाची फडकी वाळत होती. म्हटलं, बाहेर उन्हात टाकायची सोडून इथे कशाला? ती झटकन पुढे आली आणि तिने ती सगळी ओढून छातीशी धरली.

उंदीर काही सापडला नाही. मी विचारलं, तुला येत नाही का वास? तेव्हा ती चुलीपाशी बसून रडायला लागली. आवाज न करता. आई मला म्हणाली, "बाहेर जा तू." घर उकिरडा केलं म्हणून रडली असेल. संध्याकाळपर्यंत सगळं परत लावून दिलं, तरी ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. आजकाल ती माझ्यापासून लांब निजते. माझं काय चुकतंय, मला कळत नाही. सगळं तिच्यासाठीच तर चाललंय.

११ एप्रिल, शुक्रवार

रमिलाबाई आज माथ्यावर आली. मुद्दाम, मी एकटा असताना. दम खात म्हणाली, "दादा, रिनाला नंदुरबारला मोठ्या दवाखान्यात न्या. ऑपरेशन लागेल."

"कमरेचं?"

"तिने सांगितलं नाही का तुम्हाला?"

"काय?"

"तिलाच विचारा. माझ्याकडून वचन घेतलंय तिने. पण विचारा दादा. आजच विचारा."

घरी येऊन विचारलं. रिना म्हणाली, "रमिलाबाईला प्रत्येकाला दवाखान्यात नेल्याशिवाय झोप येत नाही. थप्पी पुरी होऊ दे, मग जाऊ." मलाही ते पटलं. आता काम अर्धवट टाकलं तर पावसाळ्यात काय जाळायचं? आणि वजन तर ती आता उचलतच नाही, म्हणजे उतरताना नाही.

तिला ठणकावून विचारायला हवं होतं का? मला भीती वाटली की ती खरंच काही सांगेल.

१९ एप्रिल, शनिवार

थप्पी छातीपर्यंत. या आठवड्यात मोळ्या झपाट्याने येताहेत, आणि रिना तर माथ्याच्या जरा खालीच भेटते, फार घामेजलेलीही नसते. जोर आलेला दिसतोय अंगात. फुलीबाई आणि दोघी-तिघी तिच्या मागेपुढे असतात. करणसिंगही आपल्या घरासाठी तार मागतोय. मी म्हटलं, बघू.

६ मे, मंगळवार

लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

रविवारपासून रिनाची लघवी बंद होती. मला आज सकाळी कळलं. दोन दिवस ती पोट धरून निजून होती आणि मी, उष्णता झाली असेल म्हणून, जिऱ्याचं पाणी दे असं आईला सांगून माथ्यावर गेलो होतो. आज अंग चटके बसावेत एवढं तापलं, बोलणं तुटक झालं. रमिलाबाईने आत जाऊन पाहिलं आणि बाहेर येऊन ओरडली, "झोळी बांधा!"

गोधडीची झोळी बांबूला बांधली. पुढे मी, मागे करणसिंग, बदलायला आणखी चौघे. नाल्याच्या कडेने सडकेपर्यंत दीड तास. झोळी हलली की ती कण्हायची. मी म्हणत होतो, आलं, आलंच. वाटेत तिने एकदा माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "थप्पी अजून पुरी नाही."

रमिलाबाईने पुढे माणूस पळवून बोलावलेली गाडी सडकेवर उभी होती. रात्रीपर्यंत नंदुरबार.

७ मे, बुधवार

नर्सबाईने कागद भरायला मला बोलावलं. नाव, गाव, नातं. मग विचारलं, "त्रास कधीपासून?"

"रविवारपासून," मी म्हटलं.

खाटेवरून रिना म्हणाली, "तीन वर्षं."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन साध्या भाषेत सांगितलं. गर्भपिशवी खाली उतरून अंगाबाहेर आलेली आहे. तिच्यावर जखमा झाल्या आहेत, त्या सडल्या आहेत, त्यामुळे ताप. तिच्या दाबाने लघवी अडकली. पिशवी काढावी लागेल. पण अंगात रक्त नाही आणि विष पसरलंय, आधी ते उतरलं पाहिजे. उतरेल का, विचारलं. म्हणाले, आपण प्रयत्न करतोय. मग विचारलं, "वजनं उचलत होत्या का?"

मी म्हटलं, हो.

तो वास. देवा, मी घरभर उंदीर शोधत होतो. तिच्यासमोर.

१० मे, शनिवार

ताप उतरत नव्हता, आज जरा कमी. तिच्या उशाशी बसलो होतो. म्हटलं, रिना, लाकूड कसं आणतेस ते मला सांग. घरातून निघाल्यापासून सांग.

तिला वाटलं मी गंमत करतोय. मग सांगायला लागली. माथा ओलांडून पलीकडे उतरायचं, तेव्हा हात मोकळे, तेवढाच आराम. खाली नाल्याकाठी वाळकी लाकडं, पण जवळची संपलीत, पुढच्या वळणापर्यंत जायचं. तोडायची, बांधायची. मोळी डोक्यावर आली की पहिल्या दहा पावलांतच ते खाली सरकायला लागतं. चढावर पाय उचलला की जास्त. मोहाच्या झाडापर्यंत ओठ दाबून यायचं. तिथे मोळी टेकवायची, झाडाआड बसायचं, हाताने आत ढकलायचं, फडकं घट्ट बांधायचं, आणि उठायचं.

"तू वरून हाक मारायचास," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली.

मी माथ्यावर उभा होतो. तिथून सगळं दिसत होतं मला. सात वर्षं तारेवर घड ढकलणाऱ्या माणसाला वाटलं की वजन म्हणजे उतरणच. मी चुकीच्या बाजूला तार बांधली, आणि जिथे ती मरत होती तिथे तिला बसू नको म्हणून ओरडलो. मला माझी लाज वाटते. हे मी खोडणार नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"घाण वाटेल तुला, असं वाटलं. दुसरी आणशील."

१५ मे, गुरुवार

सकाळी आठला तिला आत नेलं. करणसिंगने आणि त्याच्या भावाने रक्त दिलं. डॉक्टर म्हणाले, धोका आहे, पण आता थांबण्यात जास्त धोका आहे. मी सही केली.

दहा वाजता आईचा फोन आला, रमिलाबाईच्या मोबाइलवरून; रेंजसाठी रमिलाबाईने तिला हात धरून माथ्यावर नेलं होतं. मी म्हटलं, आई, चूल कशी चाललीय? म्हणाली, "चुलीचं नको बघू. बायका रोज लाकूड टाकून जातात. थप्पी छपराला लागली."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय? त्यांना होळीपासून माहीत आहे. एप्रिलमध्ये तिच्याने चढवेना, तेव्हा त्याच चढवत होत्या, तुझ्या माथ्याच्या खालपर्यंत. तिथून पुढे तेवढी ती आणायची, तुला दिसेल अशी."

"का पण? तार बंद करायची होती ना!"

आई म्हणाली, "तिने हात जोडले सगळ्यांना. म्हणाली, काम गेलं म्हणून तो तिकडून परत आलाय, चार महिने कोणाशी धड बोलला नव्हता. तारेमुळे माणसात आलाय. त्याला कळू देऊ नका."

फोन ठेवला. व्हरांड्यात खूप माणसं होती, तरी मी भिंतीकडे तोंड करून रडलो. मोठ्याने रडलो. कोणीतरी पाण्याचा ग्लास आणून दिला.

पाऊण वाजता तिला बाहेर आणलं. चेहरा पिवळा, पण श्वास चालू होता. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही. मी खाटेच्या कडेला उभा राहिलो. ती गुंगीतच होती. एकदम तिची मान ताठ झाली, दोन्ही हात सलाइनसकट डोक्याकडे गेले, जसं वर काही धरलेलं असावं. नर्सबाई हात खाली दाबायला लागली, पण ती जोर करत होती.

"कोण आहे?" डोळे मिटूनच तिने आमच्या पावरी बोलीत विचारलं. "जरा हात लाव. मोळी उतरव."

मी नर्सबाईला थांबवलं. तिच्या डोक्यावर, त्या रिकाम्या जागेला दोन्ही बाजूंनी हात लावले आणि हळूच खाली आणले.

"उतरवली," मी म्हटलं.

तिने मान सैल सोडली आणि संथ श्वास घेत झोपली.